आतड्याची सूज, जिवाणू आणि माझी पावणेदोन वर्षं

संडासातून रक्त आणि आव जाते म्हणून ज्यांच्या तपासण्या आत्ता कुठे सुरू झाल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं निदान ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असं झालं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सतत सूज. मागच्या महिन्यात दुसरी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून बघायची तपासणी, झाली आणि अस्तर भरून आल्याचा रिपोर्ट हातात आला. मधल्या काळात मला सगळ्यात जास्त अडलं ते हे, की कोणती तपासणी कशासाठी आणि किती थांबायचं, हे एका जागी सांगणारं कुणी भेटत नव्हतं.

सुरुवात जानेवारी २०२४ मध्ये झाली. आधी दिवसातून चार-पाच वेळा जावं लागायचं, मग मुरडा येऊन रात्रीही उठावं लागायला लागलं. रक्त दिसलं तेव्हा घरात सगळ्यांचं एकच मत : मूळव्याध. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तिखट बंद कर, सुरण खा.” साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी महिनाभर मलम आणि गोळ्या दिल्या, पण आव थांबेना आणि रात्रीचं उठणंही थांबेना. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनीच रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.१ आणि शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी वाढलेला. शौचाची साधी तपासणी आणि जंतू वाढवून बघायचं कल्चर केलं, त्यात अमीबा नाही, जंतुसंसर्ग नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, “ताई, हे मूळव्याधीचं दिसत नाही. पुण्याला पोटविकारतज्ज्ञांना दाखवा, उशीर करू नका.” रात्री झोपेतून उठवणारे जुलाब आणि रक्त ही दोन लक्षणं एकत्र असतील तर मलमावर महिना घालवू नये, हे तुम्हालाही सांगते.

पुण्याला जायचं कसं, हाच पहिला प्रश्न होता. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खंबाटकीच्या घाटात कळ आली तर करायचं काय? म्हणून आम्ही कोयना एक्स्प्रेस धरली. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावाबाहेर, त्यामुळे रिक्षाचा खर्च वेगळा. पण गाडीत संडास असतो. दारापासून दुसरी-तिसरी सीट मिळाली की जीव शांत राहतो. डॉक्टरांची वेळ संध्याकाळच्या ओपीडीची मागून घेतली, म्हणजे दुपारी पोचून थोडं टेकता आलं. मुक्काम कोथरूडला नणंदेकडे.

६ मार्चला पहिली भेट. फी १,२०० रुपये, वाट पाहणं अडीच तास, भेट वीस मिनिटं. डॉक्टरांनी सांधे दुखतात का, डोळे लाल होतात का, तोंड येतं का, घरात क्षयरोग कुणाला झाला होता का, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक किंवा दुखण्याच्या गोळ्या घेतल्या का, असं एकेक विचारलं. माझे घोटे आणि गुडघे डिसेंबरपासून दुखत होते. त्याचा पोटाशी संबंध असेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी ते ठळक लिहून घेतलं.

पहिली महत्त्वाची तपासणी ‘फीकल कॅलप्रोटेक्टिन’. ही शौचाचीच तपासणी, पण साध्या शौच तपासणीपेक्षा महाग. मला २,८०० रुपये पडले आणि रिपोर्टला चार दिवस लागले. लॅबमधून डबी आधी आणून ठेवावी, नमुना सकाळचा घ्यावा, लगेच पोचवता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावा. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आकडा वाढू शकतो, म्हणून त्या चालू असतील तर आधी सांगावं. साधारण ५० च्या आत असला तर सूज नाही असं धरतात. माझा १,२६० आला.

हे कॅलप्रोटेक्टिन म्हणजे काय ते मी त्या आठवड्यात वाचून काढलं, आणि या दुखण्याकडे बघण्याची माझी नजर तिथून बदलली. ते आपल्याच पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर तुटून पडतात, तेव्हा ते बाहेर पडतं आणि आजूबाजूचं जस्त आणि मँगनीज धरून ठेवतं, म्हणजे जंतूंची उपासमार होते. थोडक्यात, माझ्या शौचात जे मोजलं जात होतं ते माझ्याच शरीराचं जिवाणूंविरुद्ध वापरलेलं हत्यार होतं. कल्चरमध्ये तर कुठलाही रोगजंतू सापडला नव्हता. मग ही लढाई चालली होती कुणाशी?

त्याचं उत्तर कोलोनोस्कोपीनंतर मिळालं. ती १९ मार्चला होती. लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि गाळलेलं : भाताची पेज, नारळपाणी, कोरा चहा. कोकम, बीट, डाळिंब यांतलं काही नको, लाल रंगाने तपासणीत घोटाळा होतो. औषधाची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे चारला प्यायची होती. खरं सांगायचं तर तपासणीपेक्षा हे पिणं अवघड आहे. गार करून, लहान पेल्याने, दर दहा-पंधरा मिनिटांनी प्यायलं तर जातं. मध्ये लिंबाची फोड चोखावी. संडासला जायच्या आधीच व्हॅसलीन लावून ठेवावं, नाहीतर पहाटेपर्यंत आग आग होते. आणि हे सगळं दवाखान्याजवळच्या मुक्कामी करावं, दुसऱ्या गावाहून त्या सकाळी निघणं शक्य नाही.

सोबत एक माणूस लागतोच, त्याच्या सहीशिवाय भूल देत नाहीत. झोपेचं इंजेक्शन दिल्यावर मला काहीही कळलं नाही. जाग आली तेव्हा मिस्टर शेजारी बसले होते आणि हातात अस्तराच्या काढलेल्या तुकड्यांच्या बाटल्या होत्या. बायोप्सीच्या त्या बाटल्या काही ठिकाणी नातेवाइकांनाच लॅबमध्ये नेऊन द्यायला लावतात. त्यावरचं नाव, वय आणि जागेचा क्रमांक तिथेच तपासून घ्या. कोलोनोस्कोपी, भूल आणि बायोप्सी मिळून १४,५०० रुपये झाले. बायोप्सीचा रिपोर्ट २७ मार्चला आला. मधले आठ दिवस फार वाईट गेले. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं, आणि तोच सगळ्यांच्या मनात होता.

रिपोर्ट कॅन्सरचा नव्हता, क्षयरोगाचाही नव्हता. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स नावाचा याच कुळातला आजार सारखे दिसू शकतात, म्हणून ते बारकाईने बघतात. माझी सूज गुदाशयापासून सुरू होऊन डाव्या बाजूने वर सलग गेलेली होती. सलग असणं ही कोलायटिसची खूण.

त्या दिवशी डॉक्टरांनी केस पेपरच्या मागे आकृती काढून समजावलं. मी नंतर त्यात वाचनाची भर घातली, ते एकत्रच सांगते. आपल्या शरीरात जवळपास ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांचा २०१६ चा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. शरीराच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास. इतकं परकं सैन्य पोटात असताना प्रतिकार यंत्रणा एरवी शांत राहते, हीच मुळात नवलाची गोष्ट आहे. आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत थर असतो. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर : बाहेरच्या पदरात जिवाणू राहतात, आतल्यात जवळपास नाहीतच. दोन शेतांमधल्या बांधासारखा तो थर. बांध शाबूत असला की दोघं शेजारी आपापल्या जागी.

आणि हे शेजारी नुसते बसून राहत नाहीत. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे. शिवाय २०१३ साली एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर दाखवून दिलं, की जिवाणूंनी तयार केलेल्या अशा आम्लांमुळे आतड्यात ‘टी-रेग’ पेशी वाढतात. या पेशी प्रतिकार यंत्रणेला आवर घालतात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातली प्रतिकार यंत्रणा अर्धवटच वाढते, हे तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं. म्हणजे शांत राहायला शरीर काही अंशी या जिवाणूंकडूनच शिकतं.

माझ्यासारख्यांमध्ये हे बिघडतं. आनुवंशिक कल, खाणं, अँटिबायोटिक, आणखी काही, नेमकं एक कारण दाखवता येत नाही. थर पातळ होतो, जिवाणू अस्तराला भिडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि थांबत नाहीत. ब्युटिरेट करणारे जिवाणू कमी झालेले आढळतात. मला सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र पुढची आहे. ते उपयोगी जिवाणू प्राणवायू सहन न करणारे. सूज आली की आतड्यात प्राणवायू आणि नायट्रेट वाढतं, आणि ई. कोलाय या जिवाणूच्या कुळातल्यांना ते मानवतं. म्हणजे जिवाणू बिघडले की सूज वाढते आणि सूज वाढली की जिवाणू आणखी बिघडतात. हे चक्र कुठून तोडायचं, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “आज आपल्या हातात सूज आहे. आधी ती उतरवू, मग चांगल्या जिवाणूंना राहायला जागा होईल.”

औषधं त्याच दिवशी सुरू झाली. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, मग ठरलेल्या तारखांना थोडं थोडं कमी. सोबत कॅल्शियम. हे स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, तारखा लिहिलेला कागद फ्रीजवर चिकटवा. झोप उडते, भूक खवळते, चेहरा सुजतो, चिडचिड होते. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

सांधे दुखत होते म्हणून मला कोलायटिसवर सूज उतरवायला नेहमी देतात त्या मेसालामाइनऐवजी सल्फासलाझिन दिलं. सल्फाची अ‍ॅलर्जी नाही ना, हे विचारून अर्ध्या डोसने सुरू केलं. महिन्याचा खर्च सातशे-आठशे रुपये, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. लघवी केशरी होते, घाबरू नका. दोन आठवड्यांनी रक्त आणि यकृताची तपासणी. या गोळीचा इतिहास मी आता भेटेल त्याला सांगते. स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्त्झ यांनी १९४० च्या सुमारास ती सांधेदुखीसाठी पुढे आणली. तिच्यात दोन औषधं एका रासायनिक बंधाने जोडलेली आहेत. तो बंध माणसाचं शरीर तोडू शकत नाही. गोळीतला बराचसा भाग तसाच मोठ्या आतड्यापर्यंत जातो, तिथले जिवाणू तो बंध तोडतात, आणि सूज उतरवणारं औषध जिथे हवं तिथेच मोकळं होतं. ज्या जिवाणूंवर माझं शरीर चिडलं होतं, त्यांच्याच मदतीने ती चीड उतरवायची. ते वाचलं त्या रात्री मला खूप दिवसांनी बरं वाटलं.

सोबत रात्री मेसालामाइनचा एनिमा होता. डाव्या कुशीवर झोपून घ्यायचा, खाली जुना टॉवेल, बाटली आधी हातात धरून कोमट करायची. पहिले काही दिवस आत टिकत नाही. सूज उतरते तसा टिकायला लागतो.

मे महिन्यात बाथरूमच्या फेऱ्या कमी झाल्या आणि सल्ले वाढले. कुणी प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, कॅप्सूल सांगितल्या, कुणी घरची कांजी, कुणी पोटातल्या जिवाणूंची पंधरा हजारांची घरपोच चाचणी. सगळे प्रेमापोटीच. डॉक्टरांना यादीच नेऊन दाखवली. चाचणीबद्दल ते म्हणाले, की तिच्या निकालावरून आज तरी आपलं औषध बदलणार नाही, तेच पैसे कॅलप्रोटेक्टिनला ठेवा. प्रोबायोटिकबद्दल त्यांनी सरसकट नाही म्हटलं नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली आल्फ्रेड निस्ल यांनी हगवणीपासून वाचलेल्या एका सैनिकाच्या शौचातून वेगळा काढलेला ई. कोलाय कोलायटिस पुन्हा उसळू न देण्यात मेसालामाइनच्या तोडीचा ठरल्याची चाचणी झाली आहे. पण दुकानातली कुठलीही कॅप्सूल म्हणजे तो जिवाणू नव्हे, आणि गोळ्या बंद करून कॅप्सूल तर नाहीच.

खाण्याचं मला दोन टप्प्यांत सांगितलं गेलं, आणि ते फार उपयोगी पडलं. सूज असताना चोथा कमी : मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, केळं, अंडं. सूज उतरल्यावर चोथा हळूहळू वाढवायचा, कारण ब्युटिरेट त्यातूनच होतं. मी ज्वारीची भाकरी, नाचणीचं सत्त्व, सालीसकट मूग असं एकेक आठवड्याला एक वाढवत गेले. शिजवून गार केलेल्या भातातला काही स्टार्च पचत नाही आणि जिवाणूंपर्यंत पोचतो, म्हणून फ्रीजमधला भात दह्यात कालवून खाते. पाकिटातल्या पदार्थांवर कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा पॉलिसॉर्बेट ८० लिहिलेलं असेल तर ठेवून देते. उंदरांमध्ये या दोन्हींनी तो बुळबुळीत थर आणि जिवाणू बिघडल्याचं २०१५ मध्ये दिसलं आहे. माणसाला तितकंच लागू पडेल असं नाही, पण ते न खाल्ल्याने माझं काही अडत नाही.

ऑगस्टमध्ये सगळं परत उसळलं. स्टेरॉइड कमी करता करता दहाच्या खाली गेलं, एनिमा चालू होता, गोळ्या चालू होत्या, तरी दिवसाला दहा-बारा वेळा रक्त. २१ ऑगस्टला पुण्यात दाखल केलं. आधी क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूची तपासणी, कारण अँटिबायोटिक आणि सूज यांच्या आडून तो डोकं वर काढतो आणि उपचार वेगळा लागतो. ती निगेटिव्ह आली. मग शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, हेही स्टेरॉइडच. पोटाच्या कातडीत रोज एक इंजेक्शन द्यायचे, रक्त पातळ ठेवायचं. आतड्यात सूज असली की पायाच्या शिरांतही गुठळी होऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. सूज एका अवयवापुरती राहत नाही, सांध्यांनी ते आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी रक्त कमी झालं. २६ ला घरी सोडलं, गणपतीच्या आधी.

विम्याबद्दल इथेच लिहिते. मार्चच्या कोलोनोस्कोपीचा दावा नामंजूर झाला होता. फक्त तपासणीसाठी दाखल झालात तर बहुतेक पॉलिसींत पैसे मिळत नाहीत, ‘एक्सक्लूजन ०४’ असं पत्रात लिहून येतं. ऑगस्टला मात्र उपचारासाठी दाखल होते, त्यामुळे मिस्टरांच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून कॅशलेस झालं. डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीसाठी दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत बसलो. आमच्या पॉलिसीत दाखल होण्याआधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्चही मिळत होता. त्यासाठी त्या काळातली प्रत्येक चिठ्ठी, बिल आणि रिपोर्ट एकमेकांशी जुळायला हवा. चिठ्ठीत नसलेल्या तपासणीचं बिल परत येतं. स्वतःची पॉलिसी घेणाऱ्यांनी आजार लपवू नये. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे.

आता पुढचं औषध ठरलं, अ‍ॅझाथायोप्रिन. ते प्रतिकारशक्तीलाच आवरतं, म्हणून आधी छातीचा एक्स-रे, क्षयाची इग्रा तपासणी, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही. न्यूमोनिया आणि हिपॅटायटिस बीच्या लशी घेतल्या. जिवंत जंतूंच्या लशी या औषधावर चालत नाहीत. आणि एनयूडीटी१५ ही जनुकीय तपासणी, ४,२०० रुपये. या जनुकात फरक असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने धोकादायकरीत्या घटतात, आणि आशियाई लोकांत तो फरक जास्त सापडतो. माझा रिपोर्ट चांगला आला. तरी पहिला महिना दर आठवड्याला रक्त, पुढे दर पंधरा दिवसांनी. साताऱ्यातच करून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. औषधाचा गुण यायला तीन महिने लागतील असं आधीच सांगितलं होतं, म्हणून ऑक्टोबरात धीर सुटला नाही. डिसेंबरात स्टेरॉइड पूर्ण बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये कॅलप्रोटेक्टिन १८० होतं.

शौचरोपणाबद्दलही विचारलं होतं, निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याबद्दल. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या सी. डिफिसिलसाठी तो मान्य उपचार आहे. कोलायटिससाठी लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात काम झालं आहे आणि काहींना गुण आला आहे, पण तो अजून नेहमीचा उपचार नाही. माझ्यापुढे साधे उपाय शिल्लक होते, म्हणून तो विषय तिथेच ठेवला.

६ ऑक्टोबर २०२५ ला बातम्यांत नोबेल जाहीर झालं : शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल, टी-रेग पेशींवरच्या कामासाठी. सासूबाईंना मी पेपर वाचून दाखवला. या पेशी मला आवडत्या माणसांसारख्या ओळखीच्या झाल्या होत्या. १४ तारखेला दुसरी कोलोनोस्कोपी. दोन लिटर पाणी या वेळीही तितकंच नकोसं, पण भीती कमी. कॅलप्रोटेक्टिन ६४, अस्तरावर व्रण नाहीत, एका जागी थोडी लाली.

गोळ्या चालूच आहेत, बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत. पुढचं कॅलप्रोटेक्टिन जानेवारीत, रक्त दर तीन महिन्यांनी. दात दुखला तरी डॉक्टरांना आजार सांगते, म्हणजे दुखण्यावर पॅरासिटामॉल देतात आणि अँटिबायोटिक खरंच गरज असेल तरच. उन्हात बाहेर पडताना सनस्क्रीन लावते, अ‍ॅझाथायोप्रिनमुळे कातडी जपावी लागते. फाईलमध्ये पहिल्या पानावर निदानाची तारीख, सूज कुठवर होती, प्रत्येक औषध कधी सुरू आणि कधी बंद, आणि कॅलप्रोटेक्टिनचे आकडे तारखेसह लिहून ठेवले आहेत. नव्या डॉक्टरांकडे गेलात तर ते आधी हेच चार प्रश्न विचारतात.